'इलियम' उघडण्याआधी इलियडचे पाच सर्ग

डॅन सिमन्सची 'इलियम' (२००३) ही विज्ञानकादंबरी होमरच्या इलियड या ट्रॉयच्या युद्धाच्या ग्रीक महाकाव्यावर उभी आहे. ती हातात घ्यायची ठरली की काहीजण म्हणतात, 'आधी अख्खं इलियड वाचून काढू.' मग दुसऱ्या सर्गातल्या जहाजांच्या यादीत एकोणतीस तुकड्या, त्यांचे सरदार आणि गावं मोजता मोजता दमतात, आणि दोन्ही पुस्तकं कपाटात जातात. होमरच्या सुमारे १५,७०० ओळींपैकी सध्या पाच सर्ग पुरेत: १, ५, ९, १८ आणि २४. एकूण साधारण ३,६५० ओळी. लॅटिमोरचं इंग्रजी भाषांतर मुळाशी ओळीला ओळ जुळतं, त्यामुळे संदर्भ शोधायला सोपं. फेगल्सचं वाचायला जास्त वेगवान, पण त्याच्या ओळींचे आकडे मुळाशी जुळत नाहीत.

हे वाचायचं कशासाठी? कारण कादंबरीची सगळी गंमत 'कथा नेमकी कुठे घसरली' हे ओळखण्यात आहे. विसाव्या शतकातला होमरचा प्राध्यापक हॉकेनबेरी मेल्यावर पुन्हा जिवंत केला जातो आणि त्याला काम मिळतं ते ट्रॉयच्या युद्धावर नजर ठेवण्याचं. समोर जे घडतंय ते होमरबरहुकूम आहे की नाही, एवढंच त्याने कळवायचं. देव राहतात मंगळावर, ऑलिम्पस मॉन्सवर. हा खराखुरा ज्वालामुखी सुमारे २२ किलोमीटर उंच आहे, म्हणजे देवांना पत्ता शोभेसा दिलाय.

पाचव्या सर्गात ग्रीक योद्धा डायोमिडीस थेट प्रेमदेवता ऍफ्रोडाइटीच्या हातावर भाला मारतो. होमरकडे तिची आई नुसत्या हाताने जखम पुसते. सिमन्सकडे जखमी देव द्रवाने भरलेल्या टाकीत बरे होत पडतात. अठराव्यात देवांचा लोहार हिफिस्टस याच्या कारखान्यात सोन्याची चाकं लावलेल्या वीस तिवया आहेत, सभेला आपोआप जाणाऱ्या आणि परतणाऱ्या. शिवाय सोन्याच्या दासी, ज्यांना बुद्धी आणि वाचा आहे. यंत्रमानव आपण नंतर शोधला असं वाटत असेल, तर ही ओळ वाचावी.

पण खरा ऐवज नवव्या सर्गात. रुसून युद्ध सोडलेल्या ग्रीक वीर अकिलीसची समजूत घालायला फिनिक्स, एजॅक्स आणि ओडिसियस असे तिघे जातात, सोबत दोन भालदार. पण ग्रीक क्रियापद म्हणतं 'ते दोघे निघाले'. शाळेत 'रामः रामौ रामाः' घोकलेल्याला हे लगेच कळेल, कारण जुन्या ग्रीकमध्येही द्विवचन आहे. तिथला शब्द 'तो' आपल्या संस्कृत 'तौ'चा सख्खा भाऊ. मग तिसरा कोण? या द्विवचनाचं कोडं प्राचीन काळापासून आहे, आणि म्हातारा फिनिक्स मागाहून कथेत घुसडला गेला का, यावर अभ्यासक भांडताहेत. हॉकेनबेरी नेमकं त्याच फिनिक्सचं रूप घेऊन अकिलीसच्या तंबूत शिरतो. कथेतला जो सांधा आधीपासूनच ढिला, तिथेच पहार घातली आहे. नववा सर्ग न वाचता हा प्रसंग वाचला तर नुसतं वेषांतर दिसतं.

चोविसावा ट्रॉयचा राजपुत्र हेक्टर याच्या अंत्यविधीवर संपतो. लाकडी घोडा नाही, अकिलीसचा मृत्यू नाही. होमर कुठे थांबला हे माहीत असलं की प्राध्यापकाची ओळखीची वाट कुठे संपते तेही कळतं.

आता अडचण. कादंबरीत तीन धागे आहेत; हॉकेनबेरीचा पहिला. दुसऱ्या धाग्यात गुरूच्या युरोपा या चंद्रावरचा मानमुत शेक्सपिअरच्या सुनीतांवर बोलतो, तर आयओ या दुसऱ्या चंद्रावरचा ऑर्फू फ्रेंच कादंबरीकार प्रूस्तवर. दोघेही यंत्र, आणि दोघेही माणसांपेक्षा जास्त वाचलेले. हा धागा पटकन लळा लावतो. तिसरा, पृथ्वीवरच्या एडा-डेमनचा, सुरुवातीला कंटाळवाणा वाटतो, कारण तिथली माणसं निरक्षर आणि ऐतखाऊ आहेत. पुस्तक ठेवून द्यावंसं वाटतं ते बहुतेक इथेच. त्याची प्रकरणं गाळू मात्र नका. प्रॉस्पेरो आणि कॅलिबन त्याच वाटेने येतात, आणि ते ओळखायला शेक्सपिअरच्या 'द टेम्पेस्ट' या नाटकाचा सारांश तेवढा वाचून ठेवा, दहा मिनिटांचं काम.

'इलियम' ऐन रंगात येऊन थांबते, म्हणून तिचा पुढचा भाग 'ऑलिम्पॉस' (२००५) आधीच आणून ठेवावी. ती पहिलीइतकी बांधीव नाही, खुलासे घाईत उरकलेत. आणि एवढं जाडजूड नकोच असेल तर आर. ए. लॅफर्टीची 'स्पेस चँटी' (१९६८) घ्या: अवकाशात भरकटलेली ओडिसी, अंगाने बारीक आणि बरीच वात्रट. तिला पूर्वतयारी लागत नाही.