जात्याचा फेरा आणि मागे पडणारा आवाज

बेळगावच्या शहापुरात माझं लग्नाच्या व्हिडिओ मिक्सिंगचं दुकान आहे. परवा कणकुंबीकडची एक कॉलेजची पोरगी लॅपटॉप घेऊन आली. "दादा, दोन हजारांत मिक्सिंगचं सॉफ्टवेअर बसतंय काय वो?"

आजीच्या जात्यावरच्या ओव्या तिनं मोबाइलवर घेतल्या होत्या, सलग चाळीस मिनिटं. त्यातून पंधरा मिनिटांची फिल्म करायची होती. आजीचा हात आता उचलत नाही; पुन्हा शूटिंग होणार नव्हतं.

पैशाचं राहू दे म्हटलं, आधी मशीन बघू. रॅम 8 जीबी, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही. एका विकतच्या सॉफ्टवेअरची ट्रायल तिनं टाकली होती. तयार व्हिडिओवर मधोमध कंपनीचा शिक्का, पहिली वेलांटी अक्षराच्या उजवीकडे जाऊन बसलेली, जोडाक्षरं सुटी. आजीचं नाव असं लिहिलेलं मला बघवेना.

मी स्वतः दा विंची रिझॉल्व्ह वापरतो. त्याच्या फुकट आवृत्तीत शिक्का येत नाही, रंगकाम तर फारच सुरेख होतं. पण त्याला 16 जीबी रॅम तरी हवी. तिच्या लॅपटॉपवर चित्र अडखळतच राहिलं. मग केडेनलाइव्ह टाकलं. तेही फुकटच. त्यात प्रॉक्सी लावता येते: कापाकापी हलक्या प्रतीवर करायची, शेवटी रेंडर, म्हणजे तयार व्हिडिओ काढणं, मूळ फाइलवरून होतं. मराठी आणि कन्नड, दोन्ही नावं नीट उमटली.

संध्याकाळी शेवटची ओवी लावली आणि पोटात गोळा आला. जात्याचा खुंटा पुढे गेलेला, आजीचा आवाज मागून येतोय. सुरुवातीला सगळं जुळत होतं, पुढे पुढे फरक वाढत गेला.

मोबाइल सेकंदाला ठरावीक फ्रेम, म्हणजे सुटी चित्रं, घेत नाही. उजेड कमी झाला की फ्रेमही कमी करतो. स्वयंपाकघर अंधारं होतं. मिक्सिंगमध्ये वेग एकसारखा धरला जातो, तिथं आवाज घसरतो. हँडब्रेक नावाच्या फुकट सॉफ्टवेअरमधून फाइल एकसारख्या फ्रेमरेटवर काढली, तासभर गेला. ती बाकड्यावर बसून होती, चहासुद्धा घेतला नाही.

पुन्हा तीच ओवी लावली. खुंटा फिरला, पीठ कडेनं सांडलं, आणि आजीच्या ओठांबरोबर शब्द आला. दोघंही शेवटपर्यंत ऐकत राहिलो.

"मग या दोन हजारांचं काय करू?"

"त्यात जेवढी बसेल तेवढी हार्डडिस्क घे. मूळ शूटिंग एकट्या मोबाइलवर ठेवू नकोस."