जवारीतला टारफुला अन् पराटीचा उपाय - माझा अनुभव

आमच्या यवतमाळकडे खरिपात जवारी पेरणारे आता कमीच राहिले, डुकरं अन् पाखरं काही ठेवतच नाहीत, पण घरी जनावरं आहेत, कडबा लागतो म्हणून मी थोडी पेरतोच. धुऱ्याकडच्या पट्ट्यात जवारी खुजी अन् पिवळी, ओल असूनही सुकल्यासारखी. पाहिलं तर बुडाशी पांढऱ्या फुलांचा टारफुला, म्हणजे दुसऱ्याच्या मुळावर जगणारं तण. बाबा म्हणाले उपटून टाक. उपटला, पण हा वर दिसायच्या आधी कितीतरी दिवस जमिनीतच जवारीच्या मुळाला चिकटून पाणी अन् अन्न ओढत असतो, त्यामुळे त्या सालची जवारी गेल्यातच जमा.

कृषी सहायक म्हणाले, "भाऊ, त्या पट्ट्यात पराटी लावा." आता पराटीचा, म्हणजे कापसाचा, अन् टारफुल्याचा काय संबंध? मग मोबाईलवर वाचत बसलो. टारफुल्याचं बी एकदम धुळीसारखं, त्याच्यात स्वतःपुरतं अन्नही नसतं, उगवल्यावर काही दिवसांत मूळ सापडलं नाही तर मेलंच समजा. म्हणून ते वर्षानुवर्षं मातीत पडून राहतं, पावसाची ओल धरतं, अन् अगदी जवळच्या मुळातून स्ट्रायगोलॅक्टोन नावाचं रसायन पाझरलं की मगच अंकुर काढतं. झाड हे रसायन सोडतं दुसऱ्याच कामासाठी, स्फुरद (फॉस्फरस) आणून देणारी एक बुरशी मुळाजवळ यावी म्हणून, अन् हा फुकट्या तेच ओळखतो. जमिनीत स्फुरद कमी असला की पाझर वाढतो, हलक्या रानात टारफुला का माजतो ते इथं कळलं. अन् या जातीचं पहिलं रसायन, स्ट्रायगॉल, १९६६ मध्ये अमेरिकेत शोधलं ते कापसाच्याच मुळातून! कापसाच्या मुळाजवळ बी उगवतं, पण त्या मुळावर त्याला जगता येत नाही, मरून जातं. म्हणजे फसवून मारायचं.

मग तिथं पराटी, मधात तुरीची ओळ, नंतर सोयाबीन, शेणखत भरपूर, अन् जवारी परत पेरली तेव्हा युरिया वेळेवर दिला. तरी जो टारफुला निघाला तो फुलावर यायच्या आधीच उपटला, कारण एकेक झाड हजारोंनी बी टाकतं. बाया निंदायला होत्या त्यांनाही दाखवून ठेवलं.

पूर्ण गेला नाही, पण जवारी आता कमरेच्या वर जाते. वरच्या वावरातून पाण्यासोबत बी वाहून येतं, तिकडचे काका काही ऐकत नाहीत, म्हणून यंदा धुऱ्याला आडवी चारी काढून घेतली.