दादाचा रिपोर्ट

"बाबांचा रिपोर्ट तरी आहे," असं म्हणत दादानं औषधाचं माप नळाखाली धरलं. बस, एवढंच. कुणाला उद्देशून नाही, सुरात तक्रारही नाही. आई पोळ्या लाटत होती, तिच्या कानावर गेलंही नसेल. मी मात्र कालपासून त्या वाक्यातून बाहेर पडू शकलेले नाही.

राग आला आधी. म्हणजे काय, याच्या जुगाराला रिपोर्ट नाही म्हणून बाबांच्या आजाराचा हेवा वाटतो का याला?

त्या आठवड्यात बाबांनी जे जे केलं ते आम्ही सगळ्यांनी पोटात घातलं, हे खरंच आहे. जन्मात कधी आईवर आवाज न चढवलेला माणूस, त्यानं तिला दिलेली शिवी मी इथेही लिहिणार नाही. रात्रभर टक्क जागे, दिवसा जेवणाच्या ताटावर डुलक्या. मध्यरात्री बूट घालून दारात उभे राहिले, अजनीला ड्यूटी आहे म्हणे. पेन्शनच्या कागदावर सही करायला बसले तर पेन नुसतं गोल गोल फिरत राहिलं. ज्या सहीची नक्कल घरातल्या एकाही पोराला कधी जमली नाही, ती सही. आणि मला म्हणाले, "काहून बसून राहिल्या जी तुम्ही इथं?"

मला. तुम्ही.

त्या रात्री मी बाथरूममध्ये जाऊन रडले. पण धंतोलीतल्या डॉक्टरांनी सांगितलं की हा अमोनिया आहे, आणि माझं रडणंच थांबलं. लिव्हर निबर झालं की आतड्यात तयार होणारा अमोनिया ते गाळू शकत नाही, तो रक्तातून मेंदूपर्यंत पोचतो आणि तिथल्या पेशी सुजतात. हिपॅटिक एन्सेफॅलोपॅथी. बद्धकोष्ठ, एखादं इन्फेक्शन, पोटातला रक्तस्राव, झोपेची गोळी, कशाचंही निमित्त पुरतं. बाबांचं पोट कधीपासून साफ नव्हतं, हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. पोट साफ करणारं लॅक्ट्युलोज सुरू झालं, सोबत रिफॅक्सिमिन हे अँटिबायोटिक, आणि दोन-तीन दिवसांत बाबा परत बाबा झाले. मला तू म्हणाले. आता दिवसाला दोन-तीनदा पातळसर पोट साफ व्हायला हवं, याच्यावर अख्ख्या घराचं लक्ष असतं. रोज मापानं औषध देतो तो दादाच. कधी चुकला नाही, हे लिहायलाच हवं.

शिवी अमोनियाची, बाबांची नाही. किती सोपं झालं सगळं.

(सोपं तरी कुठे? भेटायला येणारा प्रत्येक जण आधी आवाज खाली आणून विचारतो, "घेत होते का?" मग आई सांगत बसते की नाही हो, थेंबही नाही, शुगर होती, फॅटी लिव्हर होतं. घेत असते तर? अमोनिया तोच असता, मेंदू तसाच सुजला असता. पण मग मावशी डबा घेऊन आली असती का, कोण जाणे. तिनं तर डाळही बंद करायला लावली होती. डॉक्टरांनी उलट सांगितलं, प्रोटीन तोडू नका, वजनाच्या किलोमागे सव्वा ते दीड ग्रॅम लागतं, आणि झोपताना थोडं खायला द्या, रात्रभर उपाशी ठेवू नका.)

दादाच्या वाक्याकडे परत येते. रिपोर्ट आहे म्हणे. पण डॉक्टर अमोनियाच्या आकड्यावर गेलेच नव्हते. नुसत्या आकड्यावर हा आजार ठरत नाही, असं त्यांनी आमच्यासमोरच सांगितलं. त्यांनी बाबांना हात समोर धरून मनगटं मागे वळवायला लावली, पंजे फडफडायला लागले ते पाहिलं. वार विचारला. एका मिनिटात आठवतील तेवढी जनावरं सांगा म्हणाले. बाबा गाय, बैल, बकरी करत पुन्हा गायीवर आले. मग डॉक्टर आईकडे वळले. झोप कशी आहे? स्वभावात फरक पडला का? हिशोब जमतो का? म्हणजे बाबांचं निदान झालं ते बघून आणि घरच्यांना विचारून.

दादाच्या जुगाराचंही तसंच झालं की. वहिनीनं १४४१६ ला फोन लावला होता, सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, टेलि-मानस. २०२२ पासून आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात. तिथून पुढे ज्या समुपदेशकाकडे तो गेला, त्यानं नऊ प्रश्न विचारले. गेलेला पैसा परत मिळवायला पुन्हा लावता का? आधीइतकी झिंग यावी म्हणून रक्कम वाढवत गेलात का? थांबायचं ठरवलं की चिडचिड होते का? घरच्यांशी खोटं बोललात का? वर्षभरात यातल्या चारांना 'हो' असेल तर तो आजार. दादाचे किती 'हो' होते ते वहिनीनं सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

घरच्यांशी खोटं बोललात का. हा प्रश्न त्या नऊत आहे.

इथेच माझं घोडं अडतं. बाबांनी मला ओळखलं नाही, पण माझ्या डोळ्यांत बघून खोटं बोलले नाहीत. दादा बोलला. माझ्याच स्वयंपाकघरात बसून, चहा पीत. आईच्या पाटल्या जुगारापायी गेल्याचं मला जेव्हा कळलं तेव्हासुद्धा त्यानं आधी बँकेचंच नाव पुढे केलं. आणि आता मला कळतं की मी ज्या गोष्टीवर सगळ्यात जास्त चिडले आहे ती त्याच्या आजाराचं लक्षण आहे. शिवी हे लक्षण होतं तशी थाप हेही लक्षण. कळतं. उपयोग होत नाही.

पार्किन्सनच्या काही गोळ्यांविषयी वाचलं मध्यंतरी, प्रॅमिपेक्सोल वगैरे. मेंदूतल्या डोपामिनच्या जागी काम करतात. ज्यांनी आयुष्यात कधी पत्त्यांना हात लावला नाही अशी काही म्हातारी माणसं त्या सुरू झाल्यावर जुगार खेळायला लागतात, आणि गोळी कमी केली की बहुतेकांचं थांबतं. ते वाचून मी बराच वेळ नुसती बसून होते. एका गोळीनं माणूस तिकडे जात असेल तर स्वभाव कुठे संपतो? पण दादा गोळी घेत नव्हता. दादा तर... जाऊ दे.

मला कुणी विचारत नाही, हेही आहे. बाबांचं पोट साफ झालं का हे सगळे विचारतात. दादाला आज तलफ आली का हे वहिनी डोळ्यांनीच विचारते. त्याच्या कर्जाचा हप्ता कुणाच्या खात्यातून जातो ते कुणीच काढत नाही.

रात्री साडेनऊला तो गच्चीवर जातो, कानात हेडफोन घालून. गॅम्ब्लर्स ॲनॉनिमस, म्हणजे जुगार सोडू पाहणाऱ्यांचा गट, त्याची ऑनलाइन मीटिंग. १९५७ साली लॉस एंजेलिसमध्ये सुरू झालेली गोष्ट आता आमच्या गच्चीवर चालते. आधी मला ते पटलं नव्हतं. ज्या मोबाईलनं वाट लावली त्याच मोबाईलवर उपचार? मेडिकलमध्ये, म्हणजे नागपूरच्या सरकारी दवाखान्यात, मानसोपचाराची ओपीडी आहे, रीतसर जा ना. तो म्हणाला, "तिथल्या लाईनमध्ये ओळखीचा भेटलाच म्हणून समज. आणि ओपीडी सकाळी असते. माझं डोकं रात्री मॅचच्या वेळी फिरते." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. गच्चीवर त्याला कुणी आडनाव विचारत नाही. मोबाईलमध्ये जुगाराच्या साइट अडवणारं ॲप टाकलंय, पासवर्ड वहिनीकडे. बँकेचं सगळं तिच्या फोनवर. २०२५ च्या ऑगस्टमध्ये कायदा आला, पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ बंद झाले, त्याचं रमीचं ॲपही बंद पडलं, तेव्हा मला वाटलं सुटलो. पण सट्ट्याचे आयडी देणारे या गावात काही कमी नाहीत, लगवाडी-खायवाडी, म्हणजे सट्टा लावणं-घेणं, पानठेल्यावर उभ्या उभ्या होते. त्यामुळे गच्ची आहे ते बरंच आहे.

परवा पाणी द्यायला वर गेले तर तो बोलत होता. मी दारातच थांबले. "घरी वडील आजारी आहेत, त्यांचं औषध मी बघतो. ते एक काम माझ्याकडे ठेवलं घरच्यांनी," एवढं ऐकू आलं आणि मी ग्लास घेऊन तशीच खाली आले.

ते काम त्याच्याकडे कुणी ठेवलं नव्हतं. त्यानंच उचललं होतं. त्याला मात्र वाटतं की आम्ही विश्वासानं दिलं. मग राहू दे तसंच. मी काही दुरुस्त करणार नाही.

साडेनऊलाच बाबांचं रात्रीचं खाणं असतं, आणि रोज मीटिंग अर्धवट सोडून तो खाली धावतो, हे आज वहिनीकडून कळलं. उद्यापासून ते खाणं मी देणार, औषध त्याच्याकडेच राहील. पाटल्यांचं मी विसरलेले नाही, आज संध्याकाळी त्याला तसं स्पष्ट सांगितलं. तो "हो" म्हणाला. मग त्यानं विचारलं, रात्री बाबांना दलिया द्यायचा की दूध-पोहे. मी म्हटलं, पोहे.