मामांचे सव्वापाच सेकंद

२६ जून, रात्र. वेंगुर्ल्याच्या अलीकडे, आजीचं घर.

लाइट पुन्हा गेली. लॅपटॉपची बॅटरी उद्यासाठी राखून ठेवायची आहे, म्हणून मेणबत्तीशी वही घेऊन बसलोय. बँडमधले बाकीचे तिघे झोपलेत. खरं तर झोपल्यासारखं करतायत, कारण संध्याकाळचं भांडण अजून कोणी मिटवलेलं नाही.

आज सहावा दिवस. मुंबईहून चार गाणी घेऊन आलो होतो, त्यातलं एकही मूळ रूपात उरलेलं नाही. स्टुडिओचे तासावारी पैसे परवडत नाहीत आणि घर रिकामंच असतं, एवढाच हिशेब करून आलो. पाऊस हिशेबात नव्हता. माजघरात दोऱ्या बांधून गाद्या टांगल्या, मधोमध ड्रम मांडले, पण पडवीवर पत्रा आहे. पत्र्यावरचा पाऊस प्रत्येक माइकमध्ये शिरतो. पहिले दोन दिवस आम्ही पाऊस थांबायची वाट बघितली. जून महिन्यात, कोकणात! शेजारच्या काकी अजून हसतायत.

तिसऱ्या दिवशी घूंऽऽ. घराचं वायरिंग आजोबांच्या काळचं, अर्थिंग नावालाच. गिटारच्या अँपमधून विजेचा घुमारा काही जाईना. मग वैतागून त्याचाच सूर तपासला. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणजे तो सूर पायपेटीच्या पांढरी पाचपेक्षा थोडा चढा आणि काळी चारपेक्षा उतरता. पेटीवर न सापडणारा. आम्ही गिटार आणि माझा बास दोन्ही त्या घुमाऱ्याला लावून घेतले. दुसरं गाणं आता एमएसईबीच्या षड्जावर आहे. लाइट गेली की गाण्याचा सा जातो, आणि ते आम्ही तसंच ठेवलंय. हा प्रयोग मला मनापासून आवडला. बाकीच्यांबद्दल आज खात्री देत नाही.

कॅसेटचं प्रकरण परवापासूनचं. मामा (आईचे चुलतभाऊ) दशावतारात मृदंग वाजवायचे. आता गुडघ्यांमुळे जत्रांना जात नाहीत. त्यांच्याकडे एक जुनी कॅसेट आहे, कुठल्याशा जत्रेतल्या रात्रीची. ती मागून आणली. आमच्या गिटारवाल्याला फितीच्या लूपचं वेड. १९६६ साली बीटल्सच्या एका गाण्यासाठी स्टुडिओतली माणसं फितीची वेटोळी पेन्सिलींवर ताणून उभी होती, ही गोष्ट तो दर जेवणाला सांगतो. कॅसेटची फीत सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर धावते. त्याने २५ सेंटिमीटरचा तुकडा कापला, टोकाला टोक चिकटवलं आणि रिकाम्या कॅसेटमध्ये बसवला. सव्वापाच सेकंदांचा मृदंग, न थांबता. त्यावर ड्रम, त्यावर गिटार. काल रात्री ऐकताना आम्ही चौघंही खूश होतो. मीसुद्धा, हे लिहून ठेवतो.

आज दुपारी मामांना मुद्दाम बोलावलं. ते ओल्या छत्रीसकट ओटीवर बसले, हेडफोन लावला, मान डोलावली. मग थांबले. परत तेच आलं तसे माझ्याकडे बघायला लागले.

"पुढचां खंय गेलां?"

म्हटलं, मामा, एवढंच आहे, हे असंच फिरत राहतं. ते म्हणाले, "अरे, ह्यां वाजवलंय तेवा समोर संकासूर होतो नाचत. आता कोण आसा?"

मला उत्तर सुचलं नाही. आडदशावतार, म्हणजे मुख्य आख्यानाआधीचा हा संकासुराचा भाग, लहानपणी किती वेळा बघितलाय, पण झोपेत. दशावतारात संवाद लिहिलेले नसतात, नट उभ्या उभ्या बोलतो, आणि मृदंगवाला त्याच्या तोंडाकडे, पावलांकडे बघून हात टाकतो, हे मला माहीत होतं. माहीत असूनही आम्ही त्यातला नट कापून टाकला होता आणि उरलेल्या मृदंगाला कोकणचा रंग म्हणून गाण्यावर फासलं होतं. खोबरं भुरभुरावं तसं.

मग त्यांनाच वाजवायला बसवलं. कानात मेट्रोनोम दिला. मिनिटभराने त्यांनी हेडफोन काढून ठेवला. "ही टिकटिक कित्याक? माणूस उभो करा मां समोर."

आमची गाणारी उठली आणि माजघरात चालत गायला लागली. मामा तिच्या पायांकडे बघून वाजवू लागले. ड्रमर मामांच्या हाताकडे बघत होता, मी ड्रमरच्या पायाकडे. ती दारापाशी पाऊस बघत थांबली तर सगळंच थांबलं. परत वळली तेव्हा मामांनी असा काही हात टाकला की ड्रमरच्या तोंडून "आयला" निघालं, आणि तेही रेकॉर्ड झालंय. अकरा मिनिटं. लय कुठे धावते, कुठे रेंगाळते. संगणकाच्या रेघांवर एक ठोका धड बसत नाही.

भांडण त्यावरूनच. गिटारवाल्याचं म्हणणं, ठोके ओढून रेघेवर आणूया, नाहीतर लोक म्हणतील यांना वाजवता येत नाही. मी म्हटलं, म्हणू देत. ड्रमर कुठल्याच बाजूला नाही, त्याला फक्त "आयला" ठेवायचं आहे. मग विषय नावावर गेला. इंडियन ओशन या बँडने २०१० साली अल्बमला आपल्या सरावाच्या घराचा पत्ताच नाव म्हणून दिला होता, आपणही ग्रामपंचायतीचा घर नंबर देऊ, असं मी वातावरण हलकं करायला म्हटलं. कोणी हसलं नाही. बँडलाच अजून नाव नाही, अल्बमचं काय घेऊन बसलात!

मामा जाताना कॅसेट मागून गेले. पण अख्खी. "तो तुकडो परत लाव हां. माझी ती एकच आसा."

आत्ता तेच करत होतो. सेलोटेपची नखाएवढी पट्टी, आजीची शिवणकामाची कात्री, मेणबत्तीचा उजेड. कापलेली जागा शोधून पंचवीस सेंटिमीटर परत बसवले. फीत दोनदा उलटी लागली. उंदराने नेऊ नये म्हणून कॅसेट आता पत्र्याच्या डब्यात ठेवलीय. लाइट आली की आधी वाजवून बघायचं. दोन्ही सांध्यांवर टक्‌ असा आवाज येणार, तो मामांना सकाळी मीच सांगेन.