तुम्ही विचारलंत म्हणून: दादाशी अबोला आणि पित्याची प्रार्थना

लग्नात, बाजारात, अगदी विरार लोकलमध्येसुद्धा हा प्रश्न मला गाठतो. ‘सख्ख्या भावावर दावा लावलास, त्याच्याशी बोलत नाहीस, आणि रविवारी त्याच्याच चर्चमध्ये देवाला आमचा पिता म्हणतोस. जमतं कसं?’ वाटणी व्हायच्या आधीच वाडीला पाणी देणारं बावखल, म्हणजे आमचं छोटं तळं, कुणी बुजवलं, हे विचारणाऱ्यांना ठाऊक असतं. वसईत असलं काही लपत नाही. त्यात माझं म्हणणं बरोबर आहे, एवढंच सांगतो.

पूर्वी माझं उत्तर तयार असायचं: प्रार्थना माझी नि देवाची, त्यात भावाचा काय संबंध? तेव्हा मी मुद्दाम पहाटेच्या मिस्सेला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, जायचो. पित्याची प्रार्थना झाली की थोड्याच वेळात एकमेकांना शांती द्यायची असते, वळून हात जोडायचे असतात. दादापुढे जोडायचे नव्हते.

आई गेली आणि ते उत्तर टिकलं नाही. रोज संध्याकाळी घरी रोझरी, म्हणजे माळेवर मोजत म्हणायची प्रार्थना. ओसरीवर चटया, सगळी आळी जमलेली, आणि थोरला म्हणून माळ दादाच्या हातात. रोझरीत पित्याची प्रार्थना निम्मी पुढचा म्हणतो, निम्मी बाकीचे. ‘जसे स्वर्गात तसे पृथ्वीवरही’ इथवर दादाचं. रोजची भाकर आणि अपराधांची क्षमा आमच्या वाट्याला. म्हणजे दर दहा ‘नमो मरिया’ झाल्या की दादा सुरुवात करणार, आणि आम्ही आमच्या अपराध्यांना क्षमा करतो हे त्याच्या तोंडावर मी म्हणणार. पहिल्या रहस्याला, म्हणजे दहांच्या पहिल्या फेरीला, मी भाकरीपर्यंत आलो नि गप्प झालो. बाकीच्यांनी पुढे ओढलं. तिसऱ्याला दादा मोजण्यात चुकला, अकरावी सुरू केली. जुनीच खोड, आई त्याला कोपरानं ढोसायची. माझ्या तोंडून निघून गेलं, ‘दादा, दहा झाल्या.’ दावा लागल्यापासून त्याच्याशी बोललेलं ते पहिलं वाक्य. तो ‘हं’ म्हणाला नि पुढच्या रहस्याकडे वळला. क्षमेचं वाक्य मग म्हटलं का? म्हटलं. मनापासून की शेजारची काकू बघत होती म्हणून, ते विचारू नका.

मिटलं असं समजू नका. दुसऱ्या दिवशी वकिलाला फोन केलाच.

पिता एक म्हटला की भावंडांत गोडी येते, असं प्रवचनात ऐकतो. अहो, आमचा इथला बापही एकच होता! वाटणीचा दावा परक्यावर लावता येत नाही. सात-बारावर दोघं वारस, म्हणून तर भांडण. संत पौल रोमकरांना लिहितो, आपण देवाची मुलं, म्हणून वारस, ख्रिस्ताचे सहवारस. फादर हे आनंदानं वाचतात. मला तलाठ्याचं ऑफिस आठवतं. ‘तो माझा कुणी नाही’ म्हणायची सोय त्या प्रार्थनेनं काढून घेतली. बदल्यात काय दिलं, ते अजून कळलेलं नाही.

मत्तयाच्या शुभवर्तमानातलं वचनही ऐकवता: भावाचं तुझ्याविरुद्ध काही असेल तर अर्पण वेदीपुढे ठेव, आधी समेट कर. पण इथे माझंच त्याच्याविरुद्ध आहे ना! हा वकिली मुद्दा झाला, मान्य. तरी दादालाही एकदा ऐकवा.

हल्ली मी त्याच्याच मिस्सेला जातो. शांतीच्या वेळी हात जोडतो, तोही जोडतो. बावखल परत खोदून द्यायची मागणी मात्र सोडलेली नाही.