पाच मात्रांचा चिखल

मला नाचता येत नाही. हा विनय नव्हे, घरच्यांनी एकमताने दिलेला निकाल आहे. भावाच्या वरातीत मी सगळ्यांच्या पर्स सांभाळल्या होत्या आणि सोसायटीच्या गरब्यात चपलांजवळ उभी होते. त्यामुळे भाची म्हणाली, "मावशी, आज शिलिनला यी लोकांचा मशालींचा सण आहे, मैदानात कार्यक्रम आहे, चल," तेव्हा माझा पहिला प्रश्न होता, "बसायला मिळेल ना?"

भाची चीनमधल्या कुनमिंगला योग शिकवते. तिथून शिलिन वेगवान आगगाडीने अर्ध्या तासाच्या आत येतं. शिलिन म्हणजे दगडांचं रान. चुनखडीचे करडे सुळके झाडांसारखे दाटीवाटीने उभे आहेत. २००७ पासून ते युनेस्कोच्या यादीत आहेत. इथले मूळ रहिवासी सानी, म्हणजे यी समाजाची एक शाखा. यी हे मोठ्या खटल्याच्या आडनावासारखं आहे. आत नोसू, सानी, आशी अशी कितीतरी घरं, आणि एका घरची बोली दुसऱ्याला कळेलच असं नाही. २०२०च्या जनगणनेत सगळे मिळून ९८ लाखांवर भरले. पूर्वी चिनी लिपीत 'यी' ज्या अक्षराने लिहीत, त्याचा अर्थ 'रानटी' असा व्हायचा. १९५०च्या दशकात ते अक्षर बदललं. नव्या अक्षराच्या पोटात तांदूळही आहे आणि रेशीमही. उच्चार मात्र तोच राहिला. हाक तीच ठेवून नाव बदलायची ही युक्ती मला फार आवडली. आपल्याकडे नावं बदलली की आधी पत्ते हरवतात.

बसायला प्लॅस्टिकची बुटकी स्टुलं मिळाली. बसलो आणि पाऊस आला. इथेही जुलै म्हणजे पावसाळाच. कोणी छत्री उघडली नाही. पाच मिनिटांत सगळं मैदान पातळ प्लॅस्टिकच्या रेनकोटांनी निळं-पिवळं झालं. भाचीने बांबूच्या काडीला टोचलेले गरम तुकडे आणून दिले. मी संशयाने हुंगले, तर चक्क पनीर! शेळीच्या दुधाचं, तव्यावर लालसर परतलेलं. सानी लोक ते कधीपासून करतात कोण जाणे, चिनीत त्याला म्हणतात रुबिंग. चीनमध्ये आठ दिवस भात आणि पालेभाजीवर काढलेल्या बाईला त्या क्षणी सानी संस्कृतीबद्दल जो आदर वाटला, तो पुढच्या अर्ध्या तासाच्या नाचाने वाटला नाही, हे खरं सांगायला हवं.

कारण तो अर्धा तास अगदी २६ जानेवारीच्या चित्ररथासारखा होता. धूर, रंगीत दिवे, पंचवीस मुली आणि पंचवीस चेहऱ्यांवर एकच हसू. निवेदकाचा आवाज सुळक्यांवर आपटून परत येत होता, त्यामुळे प्रत्येक वाक्य दीडदा ऐकू येई. रंगमंचाच्या कडेला एक मुलगी पूर्ण पोशाखात उकिडवी बसून वाटीतल्या शेवया खात होती. तिच्या रंगीत शिरोभूषणावर दोन्ही बाजूंना कापडी त्रिकोण उभे होते. मला ते भरतकाम जवळून बघायचं होतं, पण भाचीने हात धरला. "त्रिकोणांना हात लावू नकोस. त्रिकोण म्हणजे लग्न व्हायचंय. हात लावणं म्हणजे मागणी घालणं." मी हात रेनकोटात घातला.

मग वाद्यं आली आणि मी स्टुलावर सरळ झाले.

वीस-पंचवीस पुरुष, प्रत्येकाच्या खांद्याला पट्ट्याने अडकवलेलं एक थोराड तंतुवाद्य. नाव सान्श्येन, म्हणजे तीन तारा. आपल्या एकतारीचा भोपळा काढून ढोलकं लावावं आणि दांडी हातभर वाढवावी, साधारण तसं. हे लोक ते बसून वाजवत नाहीत, उड्या मारत वाजवतात. सुरावट अवघ्या तीन स्वरांची, सा ग प. बस्स. वर बासरी काय हवं ते करते, खाली हे तीन स्वर घणासारखे पडत राहतात. मी मांडीवर ठेका धरायला गेले आणि चुकले. पुन्हा धरला, पुन्हा चुकले. चारात बसेना, सहात बसेना. मग लक्षात आलं, पाच! पोरं तीन पावलं पळतात आणि उरलेल्या दोन मात्रांत एका पायावर उडी घेऊन दुसरा पाय झटकतात.

लहानपणी दीड वर्ष तबल्याच्या क्लासला गेले होते. गुरुजींनी झपतालाशी, म्हणजे दोन-तीन-दोन-तीन अशा दहा मात्रांच्या तालाशी, मला सोडून दिलं, म्हणजे मीच क्लास सोडला. चाळीस वर्षांनी त्या मैदानात तोंडातून आपोआप निघालं, "धी धी ना, ती ना, धी धी ना, धी ना." दुसऱ्या विभागापासून धरला तर तंतोतंत तेच!

तेवढ्यात मशाली पेटल्या. हा सण चिनी पंचांगाच्या सहाव्या महिन्यात चोविसाव्या दिवशी येतो. त्या वर्षी, २०२४ला, तो २९ जुलैला आला आणि आपली दीप अमावास्या त्यानंतर सहा दिवसांनी. मशालींच्या अनेक कथा आहेत. एका कथेत आकाशातल्या देवाने पिकावर किडे सोडले आणि माणसांनी शेतोशेत मशाली फिरवून ते जाळले. ओल्या लाकडाचा धूर इतका होता की किडे असते तर खरंच गेले असते.

निवेदकाने प्रेक्षकांना बोलावलं. पण त्याचं वाक्य संपायच्या आधीच मागच्या रांगेतल्या आज्या उठल्या होत्या. पायात कॅनव्हासचे बूट, कमरेला भरतकामाचा एप्रन, हातातल्या पिशव्या स्टुलांवर. त्यातल्या एकीने जाता जाता माझं मनगट पकडलं. मी मराठीत सांगितलं, "आजी, मला येत नाही हो." तिने सानीत काहीतरी उत्तर दिलं. ते बहुधा "माहितेय" असावं.

पहिल्या फेरीत मी तिच्या बुटावर पाय दिला. दुसऱ्या फेरीत तिने काही न बोलता उपाय काढला: तीन पावलांना हात सैल सोडायचा आणि चौथ्या-पाचव्याला मनगटावर अंगठा दाबायचा. धी धी ना, दाब, दाब. चिखल गुडघ्यापर्यंत उडत होता. पलीकडे शेवया खाणारी मुलगीही आली होती, वाटी कुठे ठेवली देव जाणे. तिचं आताचं हसू मघाच्या पंचविसांतलं नव्हतं, आणि उडी अर्ध्या मात्रेने उशिरा पडत होती.

परतीच्या गाडीत मी खिडकीला टेकून बसले. भाचीने डोळे मिटून घेतले होते. थोड्या वेळाने तिने ते न उघडताच म्हटलं, "मावशी, पाय थांबव ना. समोरचे काका केव्हाचे बघतायत."

मी पाहिलं. काकांचाही पाय हलत होता. पण ते चारात होते.