‘एकी वासना’पाशी अडले तेव्हा

एम.ए.च्या पहिल्या वर्षी सरांनी तुलनेचा निबंध दिला: ‘लीळाचरित्र’ आणि ‘ज्ञानेश्वरी’. आमचं गाव मोर्शी तालुक्यातलं. म्हाइंभटांनी जिथे लीळाचरित्र, म्हणजे महानुभाव पंथाच्या चक्रधरस्वामींच्या आठवणींचा ग्रंथ, लिहिला ते रिद्धपूर आमच्याच तालुक्यात. लहानपणापासून नाव कानावर होतं, पुस्तक मात्र कधी उघडलं नव्हतं.

पहिला निबंध मी दोन रात्रींत लिहिला. ज्ञानेश्वरी उपमांनी भरलेली म्हणून श्रेष्ठ, लीळाचरित्र साधं, छोट्या वाक्यांचं, म्हणून त्या खालोखाल. 20 पैकी 8 गुण मिळाले. सर म्हणाले, “तू दोघांना शेजारी बसवलंस, पण एकमेकांशी बोलू दिलं नाहीस.”

मग मी रोज एक लीळा, म्हणजे स्वामींची एक आठवण, मोठ्यानं वाचायचं ठरवलं. दिवसा कापूस वेचायचा असायचा, त्यामुळे वाचन रात्रीच. आरोगणा म्हणजे जेवण, पहुड म्हणजे झोप, बिढार म्हणजे मुक्कामाची जागा, असे शब्द वहीत उतरवत गेले. एकदा वाक्यात कोणाला तरी ‘गा’ म्हणून हाक मारलेली आली. पलीकडे वाती वळत बसलेली आजी म्हणाली, “हे तं आपल्यासारखंच बोलून राह्यले वं!” खरंच होतं. आमच्याकडे आजही गडीमाणसाला ‘काय गा’ असंच म्हणतात. सातशे वर्षांपूर्वीचं पुस्तक त्या रात्रीपासून मला परकं वाटलं नाही.

खरी अडचण पुढे आली. काही लीळांच्या शेवटी ‘एकी वासना’ असं लिहून थोडा वेगळा मजकूर यायचा. वासना म्हणजे इच्छा, एवढंच मला माहीत. तो अर्थ कुठेच बसेना. आठवडाभर मी ती जागा ओलांडून पुढे जात होते. शेवटी सरांना विचारलं. ते म्हणाले, इथे वासना म्हणजे आठवण, पाठ. तीच लीळा दुसऱ्या कोणाला वेगळी आठवत होती, तीही लिहून ठेवली आहे.

मी घरी येऊन सगळ्या ‘वासना’ पुन्हा वाचल्या. चक्रधरस्वामी निघून गेल्यावर म्हाइंभटांनी अनुयायांना विचारून विचारून या आठवणी गोळा केल्या, स्वामींनंतर पंथाची धुरा सांभाळणाऱ्या नागदेवाचार्यांकडून तपासून घेतल्या. पुढे मूळ प्रत धामधुमीत हरवली, तेव्हा तोंडपाठ असलेल्या लीळांवरून ती शिष्यांनी पुन्हा उभी केली. आठवणी जुळल्या नाहीत तिथे एकीला खोटं न ठरवता दोन्ही शेजारी ठेवल्या. हे मला फार मोठं वाटलं, आजही वाटतं.

आता तुलनेला प्रश्न सापडला होता: मजकूर जपला कसा? ज्ञानेश्वरी शके 1212 मध्ये, म्हणजे 1290 साली, एका मुखातून आली, सच्चिदानंदबाबांनी उतरवून घेतली. पुढे प्रतींत चुका शिरल्या म्हणून एकनाथांनी 1584 साली ती शुद्ध केली. एका ग्रंथानं पाठभेद पोटात ठेवले, दुसऱ्यातले गाळले गेले. मग ज्ञानेश्वरीतल्या उपमांकडेही मी वेगळ्या नजरेनं पाहू लागले. एकच गोष्ट पाच-सहा दृष्टांतांनी सांगणारे ज्ञानेश्वर समोरच्या श्रोत्याला शेवटपर्यंत सोबत नेऊ पाहतात. लीळाचरित्र आठवणाऱ्या माणसाच्या बोलण्यात मध्ये पडत नाही, म्हणून तिथे वाक्य आखूड.

दुसऱ्या निबंधाला 15 मिळाले. पण मी एकनाथांच्या शुद्धीकरणाला ‘नुकसान’ म्हटलं होतं, त्याखाली सरांनी लाल रेघ ओढून लिहिलं होतं: ‘त्यांनी शुद्ध केली नसती, तर आज तू कोणती ज्ञानेश्वरी वाचली असतीस?’ त्या प्रश्नाचं पुरतं उत्तर अजून माझ्याजवळ नाही. प्रबंधिकेसाठी मी तोच विषय घेतला आहे.

मागच्या महिन्यात आजीनं आजोबांची गोष्ट सांगितली. त्यांचा बैल पोळ्याच्या दिवशी नाल्याच्या पुरात वाहून गेला, आणि ते शेपूट धरून त्याच्यामागं उतरले. काका म्हणे, “पोळा नाही मां, तान्हा पोळा होता. अन् शेपूट नाही, कासरा धरला होता बाबानं.” दोघंही हटेनात. मी वही काढली, आजीची गोष्ट तिच्याच शब्दांत उतरवली, आणि खाली ‘एकी वासना:’ असं लिहून काकाची.